185 व्होल्ट, 9.5 अँपियर, मग ओहम किती? दोन उत्तरं येताहेत, मदत हवी आहे

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. व्होल्ट 185, क्लॅम्प मीटरवर 9.5 अँपियर. भागाकार केला तर 19.47 ओहम. मल्टीमीटर लावला तर 3.2 दाखवतंय. 3.2 धरून वॅट काढले तर 10,695, आणि सरळ गुणाकार केला तर 1757. कुठलं खरं? उद्या सकाळी माणूस येणार, त्याच्या आत पाहिजे. शाळेतलं सूत्र सांगू नका, ते येतंय मला.

हिशेबनीस
व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे ओहम. 19.47 बरोबर, वॅट 1757.5. मल्टीमीटरचे सेल बदला. ओहमने 1827 साली मांडलेला नियम तुमच्या मीटरसाठी बदलणार नाही.

जुनावायरमन
सूत्र नको म्हणतोय तो, तेच दिलंत. दादा, मीटर लावलाय कशाला ते सांगा की. गिझर? इस्त्री? गिझरला 3 आणि 19 एवढा फरक पडत नाही.

सीमेवरचा
वॅट कशाला मोजत बसताय? कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत बिलच नाही.

संकेश्वरी
सरसकट 200 नाही हो. मागच्या वापराच्या सरासरीवर ठरतंय. आमचं प्रत्येक महिन्याला वर जातंय.

मलप्रभाकाठ
बिलाचं कोण विचारलंय? मोटार आहे, बोअरची. दुसरं काय असणार. सिंगल फेज, 1 एचपी. दहा मिनिटं चालती आणि ओव्हरलोड उडतंय. उद्या येणारा वाइंडिंग गेलंय म्हणतोय, पूर्ण भरायला लागंल म्हणतोय.

जुनावायरमन
हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून! फिरती मोटार म्हणजे नुसती ओहमची वेटोळी नव्हे. फिरताना ती आतून उलट दाब, म्हणजे उलट व्होल्टेज, तयार करते, म्हणून करंट आवरलेला राहतो. तुमचे 3.2 ही वाइंडिंगच्या तांब्याची ओहम. नुसती तीच असती तर 58 अँपियर ओढले असते. मोटार जाम झाली की करंट कितीतरी पट चढतो तो यामुळंच. तेव्हा 10,695 विसरा. 3.2 म्हणजे वाइंडिंग मेलं असंही नाही. त्याला म्हणावं आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावून दाखव.

हिशेबनीस
म्हणजे 19.47 चुकीचं?

जुनावायरमन
भागाकार बरोबर, नाव चुकीचं. तो इम्पिडन्स, म्हणजे चालू मोटारीचा करंटला होणारा एकूण अडथळा. आणि 1757 हेसुद्धा वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपियर. त्याला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा किती त्या आकड्यानं, गुणायचं. मोटारीच्या पाटीवर असला तर तो घ्या. 0.85 धरला तर 1494 वॅट.

हिशेबनीस
पण 1 एचपी म्हणजे 746 वॅट. दुप्पट कसे?

जुनावायरमन
746 हे दांड्यावर मिळतात. बाकीचं उष्णतेत जातं. छोट्या सबमर्शिबलला एवढं चालायचंच.

कुंदाखाऊ
आमच्यात असंच झालेलं. कपॅसिटर बदला, मोटार पळती बघा.

संकेश्वरी
तुम्ही मिक्सरलाही कपॅसिटर बदला म्हणाला होता.

नंदगडची_सून
कपॅसिटर बघून घ्या, खरं 185 व्होल्ट कपॅसिटरमुळं झालेले नाहीत. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय म्हणून विचारते: 185 कुठं मोजलात, घरातल्या बोर्डावर की बोअरजवळ? मोटार चालू असताना? मधली वायर किती लांब, किती जाडीची?

मलप्रभाकाठ
बोअरजवळ, स्टार्टरवर, चालू असताना. घरात तेव्हाच 215 होतं, भावानं बघितलं. वायर 130 मीटर असंल, तांब्याची, 1.5 ची. हे पण लिहायचं होतं काय?

नंदगडची_सून
हेच लिहायचं होतं दादा. तुमचा भागाकार मोटारीला लावू नका, वायरीला लावा, तिथं तो चोख चालतो. 215 वजा 185, म्हणजे 30 व्होल्ट वायरीत गेले. 30 भागिले 9.5 म्हणजे 3.16 ओहम. आता उलटं तपासा: 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याला किलोमीटरला साधारण 12.1 ओहम. जायचे 130, यायचे 130, मिळून 260 मीटर. 3.15 आलं. जुळलं ना? 30 गुणिले 9.5, म्हणजे 285 वॅट नुसती वायर तापवायला.
पाणी तेवढंच उचलायचं आणि दाब कमी, म्हणून मोटार करंट जास्त ओढती. करंट वाढला की वाइंडिंगची उष्णता वर्गाच्या पटीत वाढती. म्हणून ओव्हरलोड उडतंय. 4 ची वायर घातली तर 260 मीटरला 1.2 ओहम, वायरीतली घट 11 व्होल्टच्या आसपास.

जुनावायरमन
ताई, हे मला सुचायला पाहिजे होतं. तरी टीसीवरूनच, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, व्होल्टेज कमी येतंय का, ते संध्याकाळी घरात एकदा मोजा.

गोकाकरोड
आमचा आजा गोकाकच्या धबधब्याखालच्या जुन्या वीजघराच्या गोष्टी सांगायचा...

संकेश्वरी
काका, नवा धागा काढा.

मलप्रभाकाठ
4 ची वायर 60 मीटर मेव्हण्याकडं पडून आहे. निम्म्यात ती आणि निम्म्यात जुनी चालंल काय?

नंदगडची_सून
थोडा फरक पडंल, 185 चे साधारण 194 होतील. मधला सांधा नीट करा, नाहीतर तोच जळंल. उद्याच्या माणसाला मोटार बाहेर काढू देऊ नका, आधी हे करा.

मलप्रभाकाठ
फोन करून नको म्हटलं त्याला. रागावला.

कुंदाखाऊ
जुनी 1.5 ची वायर विकणार काय?