मदत हवी आहे: हंगेरीतले राजवाडे आणि किल्ले, गाडी न घेता, सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांसोबत

पारिजात_ठाणे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर पाच दिवस बुडापेस्ट, मग रेल्वेने व्हिएन्ना असा बेत आहे. गाडी भाड्याने घ्यायची नाही. बाबांचा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर चालतात, चढ मात्र नको. यादीत ग्योद्योल्लो, केस्टहेय, विशेग्राद, एगेर आणि एस्तरहाझी राजवाडा आहे. मुक्काम बुडापेस्टलाच ठेवून रोज एक ठिकाण जमेल का? एस्तरहाझीचं तिकीट ऑनलाइन काढायला गेले तर दर युरोत दिसतोय. हंगेरीत फोरिंट चालतात ना?

गडवाट

ताई, ते तिकीट काढू नका. दर युरोत आहे म्हणजे तो ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाटचा राजवाडा. घराणं तेच, संगीतकार हायडनने काम दोन्हीकडे केलं, म्हणून हा घोळ अनेकांचा होतो. हंगेरीतला राजवाडा फेर्त्योद गावात आहे, नाव एस्तरहाझा. प्रिन्स मिक्लोश एस्तरहाझीने उभारलेला, 126 खोल्यांचा. 1772 ची ‘फेअरवेल’ सिंफनी इथलीच: मुक्काम लांबल्यामुळे घरच्या ओढीने कंटाळलेले वादक शेवटच्या भागात एकेक करून उठून जातात, ती.

बुडापेस्टहून एका दिवसात जाऊन येण्याची ही जागा नाही. केलेती स्टेशनवरून इंटरसिटीने शोप्रॉनला या (सुमारे अडीच तास, आसन आरक्षण सक्तीचं), सामान हॉटेलवर टाका आणि शोप्रॉनच्या बसस्थानकावरून फेर्त्योदची बस घ्या, पाऊण तास लागतो. रेल्वेने फेर्त्योसेंतमिक्लोशला उतरण्याचा सल्लाही मिळेल, पण तिथून राजवाडा चारेक किलोमीटर आहे, बाबांना झेपणार नाही. शनिवार-रविवारी बस कमी असतात. परतीची वेळ आधी बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी शोप्रॉनहून व्हिएन्ना सव्वा तासावर. सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नकोत.

दुनावाट

सगळ्यात आधी सोमवार कुठे येतोय ते बघा. बहुतेक राजवाडे आणि संग्रहालयं त्या दिवशी बंद. तो दिवस बुडापेस्टला द्या.

ग्योद्योल्लो अर्ध्या दिवसाचं काम. मेट्रो एम2 चं शेवटचं स्थानक ओर्श वेझेर तेरे, तिथून एच8 उपनगरी गाडी, पाऊण-एक तास. ‘साबादशाग तेर’ला उतरा, राजवाडा समोरच आहे. शेवटच्या स्थानकापर्यंत गेलात तर उगाच मागे यावं लागेल. बुडापेस्टचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो. पुढचं तिकीट चढण्याआधी काढा, तपासनीस परदेशी म्हणून सोडत नाही.

हा वाडा ग्राश्शालकोविच घराण्याचा. 1867 च्या राज्याभिषेकाची भेट म्हणून तो सम्राट फ्रान्झ योझेफ आणि राणी एलिझाबेथ (सिसी) यांना मिळाला. आतलं बरंचसं सामान पुनर्रचित आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीतल्या बहुतेक वाड्यांची लूट झाली, राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्यांत शाळा, इस्पितळं, वृद्धाश्रम थाटले गेले. हे माहीत असलं की रिकाम्या भिंती बघून निराशा होत नाही. बरोक नाट्यगृह बघायचं असेल तर मार्गदर्शकासोबतच्या फेरीची वेळ तिकीटखिडकीवर पहिल्यांदा विचारा.

केस्टहेयला मात्र एक रात्र राहाच. रेल्वेला एका बाजूने तीनेक तास लागतात. फेश्तेतिच राजवाड्यातलं हेलिकॉन ग्रंथालय, ओकच्या कोरीव कपाटांसकट, युद्धातून वाचलं. ऐंशी हजारांहून जास्त ग्रंथ आहेत. माझ्या मते तुमच्या यादीत आतून बघण्यासारखं सर्वात समृद्ध ठिकाण हेच. स्टेशन बालाटोन सरोवराकाठी, राजवाडा दीड किलोमीटर वर. बाबांसाठी टॅक्सी करा, आणि एकत्रित तिकीट घेतलंत तर बग्ग्यांचं दालन वगळू नका.

पारिजात_ठाणे

खूप आभार! मग विशेग्राद की एगेर? आणि 65 वर्षांवरील प्रवाशांना रेल्वे फुकट असं वाचलं, ते आईबाबांना लागू होईल का?

गडवाट

फुकट प्रवास युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर तिकीट काढावंच लागेल.

दोन्हींत एगेर निवडा. किल्ला गावातच आहे, तिरप्या फरसबंद वाटेने सावकाश चढता येतो, आणि केलेतीहून थेट गाडीने दोनेक तास लागतात. 1552 मध्ये किल्लेदार इश्तवान दोबोने ऑटोमन फौजेला इथेच परतवलं. भुयारं बघायची तर जाड तळव्याचे बूट हवेत, आत गारवा असतो. विशेग्रादचा वरचा किल्ला डोंगरमाथ्यावर आहे, चढ खडा. शिवाय बुडापेस्टच्या न्युगाती स्टेशनहून येणारी रेल्वे नदीच्या पलीकडच्या काठाला, नाग्यमारोशला थांबते. तिथून फेरीबोटीने पैलतीर गाठायचं. बोट साधारण तासाला एक असते, एक चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. तरीही गेलात तर काठालगतचा मात्याश राजाचा राजवाडा बघा आणि किल्ल्यावर टॅक्सीने जा.

पाच दिवसांत असं बसवा: ग्योद्योल्लो, एगेर, मग केस्टहेय मुक्कामासह दोन दिवस, आणि पाचव्या दिवशी शहर. एस्तरहाझासाठी व्हिएन्नाच्या बाजूची एक रात्र कमी करून ती शोप्रॉनला द्या.