दुडकीत बैठक टिकत नाही, घरी कोणते व्यायाम करू?

मंडळी, मदत हवी आहे. घोडेस्वारी आठवड्यातून एकदाच होते, म्हणून मधल्या दिवसांत घरी काय करता येईल ते विचारतो आहे.

साध्या चालीत अडचण नाही. गडबड होते ती दुडकीत, म्हणजे चालीपेक्षा जलद अशा ट्रॉटमध्ये, खोगिरावर बसून राहताना. एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतात, मध्ये क्षणभर घोडा हवेत असतो आणि दर पावलाला त्याची पाठ उसळते. त्या उसळीबरोबर कंबर हलायला हवी, पण माझी आखडते. मग गुडघे खोगीर आवळतात, टाच वर येते, रिकीब (पाय ठेवायची कडी) सरकते आणि तोल सावरायला लगाम ओढला जातो. तोल माझा जातो आणि हिसका बसतो घोड्याच्या तोंडाला, हे फार खुपतं.

कान, खांदा, खुबा, टाच एका रेषेत ठेवा असं प्रशिक्षक सांगतात. उभ्या घोड्यावर ते जमतं. काम दिवसभर खुर्चीतलं. शिवाय दोन्ही रिकिबी मोजून सारख्या असूनही उजवी लांब वाटते. रोज प्लँक आणि स्क्वॉट करतो, मिनिटभर प्लँक टिकतोही, पण घोड्यावर फरक दिसत नाही. जिम बॉल घ्यावा का?

प्रतिसाद १
प्लँकमध्ये आपण सगळंच घट्ट धरतो. दुडकीत धड स्थिर आणि खुबे मोकळे लागतात. त्यासाठी डेड बग करा: पाठीवर झोपून हात वर, गुडघे काटकोनात, कंबर जमिनीला टेकलेली ठेवून उजवा हात आणि डावा पाय सावकाश लांब करा, मग उलट. कंबर उचलली की तिथेच थांबा. श्वास रोखू नका, घोड्यावरही तीच सवय नडते.

खुर्चीमुळे खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे, माकडहाड खाली ओढून 30 सेकंद. पोट पुढे काढलंत तर ताण नुसता कमरेवर येतो.

बॉल जरूर घ्या. त्यावर बसून दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं वजन येतंय का ते आधी बघा, मग खांदे न हलवता कंबर पुढे-मागे करा. त्यावर उभं मात्र राहू नका.

प्रतिसाद २
रिकिबीबद्दल: आरशासमोर एका पायावर उभे राहा, दोन्ही बाजूंनी. ज्या पायावर उभं असताना कंबर कलते, त्या पायाने रोज सुरुवात करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडायचा व्यायामही जोडा. आणि प्रशिक्षकांना लाँजवर (ते लांब दोरीने घोड्याला गोल फिरवतात तेव्हा), रिकिबीविना थोडी दुडकी मागा. लगाम हातात नसला की घोड्याच्या तोंडाची काळजी उरत नाही.