शब्द हवे आहेत: भयपटांच्या ट्रेलरमधली भीती

ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी मी मराठी मथळे लिहिते, म्हणजे पडद्याखाली संवाद आणि आवाजांचं वर्णन. सध्या भयपटांचे ट्रेलर हाताखाली आहेत. प्रत्येक ठिकाणी ‘भीतीदायक संगीत’ लिहून कंटाळा आला, आणि ते खरंही वाटत नाही. दोन मिनिटांत दहा तऱ्हांनी भीती घातली जाते, तिला एकच शब्द कसा पुरेल? जंप स्केअरला, म्हणजे अचानक घाबरवणाऱ्या क्षणाला, मराठी शब्द आहे का, इथपासून सुरुवात करू या.

प्रतिसाद १

आहे की, ‘दचका’. ‘दचका बसला’ आपण रोज म्हणतो. दचकण्यात विचाराला वावच नसतो. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात, आणि मग कळतं काय झालं ते. म्हणूनच पुढे काय येणार हे माहीत असूनही दचका बसतो. ट्रेलर जुळवणारे आधी दोन-तीन सेकंद आवाज जवळजवळ शून्यावर आणतात. त्या शांततेत आपण कान टवकारतो, आणि नेमका तेव्हाच दणका येतो.

पण त्या शांततेचा शब्द ‘दचका’ नव्हे. तिथे ‘धास्ती’ असते. जे अजून झालेलं नाही त्याची धास्ती वाटते, जे झालं त्याने दचका बसतो, आणि ते मनात घर करून राहिलं तर आपण त्याचा ‘धसका’ घेतो. तिन्हींची अदलाबदल करून पाहा, वाक्य लगेच खटकेल.

२०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’च्या ट्रेलरमधला तळघराचा जिना आठवा. काळोख, आईच्या हातात पेटलेली काडी. उजेड फक्त तिच्या चेहऱ्यापुरता, बाकी चौकट काळी. आपली नजर तिच्या चेहऱ्यावर नसतेच, त्या काळ्या भागावर खिळलेली असते. मग तिच्यामागून अंधारातून दोन हात येतात आणि टाळी वाजते. आवाज टाळीचाच, किंकाळी नाही की ढोल नाही. ही टाळी आधी मुलांच्या खेळात ऐकलेली असते, म्हणून ती इतकी झोंबते. दचका एका क्षणाचा, पण त्याच्या आधीची सगळी मेहनत धास्तीची.

प्रतिसाद २

‘धास्ती’ मला परीक्षेची, साहेबाची, महिनाअखेरची वाटते. भुताची धास्ती वाचायला जरा मवाळ लागते. ‘थरार’ का नको? वर्तमानपत्रं तर ‘थरारक ट्रेलर’ असंच छापतात.

प्रतिसाद १

‘थरार’ आता शेवटच्या षटकाचाही असतो आणि गडावरून दोरीने उतरण्याचाही. त्यात मजा मिसळली आहे. ‘भयंकर’चंही तसंच झालं, ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच ना आपण. धास्ती रोजची आहे हे मान्य, पण मला तोच तिचा गुण वाटतो. चांगला ट्रेलर रोजच्याच वस्तूंची धास्ती घालतो: दाराची कडी, पाळणा, टाळी.

१९८० च्या ‘द शायनिंग’चा ट्रेलर तर एकाच चित्राचा आहे. लिफ्टची लाल दारं, जागचा न हलणारा कॅमेरा, वर सरकत जाणारी नावं आणि चढत जाणारा आवाज. बराच वेळ काहीच होत नाही. नंतर लिफ्टच्या कडेने रक्ताचा लोंढा येतो, तो कॅमेऱ्यापर्यंत. दचकवणारा कट एकही नाही. याला ‘थरारक’ म्हणवत नाही. ‘छाती दडपून टाकणारा’ म्हणेन.

प्रतिसाद ३

आवाजासाठी दोन शब्द घ्या: ‘भेसूर’ आणि ‘भयाण’. भेसूर असतो सूर, चेहरा, हसणं. भयाण असते शांतता, रात्र, जागा. अंगाईची किंवा बडबडगीताची चाल मुद्दाम संथ करून, सूर किंचित उतरवून वाजवतात, ती भेसूर. सगळे आवाज काढून नुसती वाऱ्याची घरघर ठेवतात, ती भयाण. ‘भकास’ आणि भयाण यांतही गल्लत नको. ओसाड माळ भकास असतो. ‘लपाछपी’ या मराठी भयपटातल्या घराभोवतीचा ऊस हिरवागार, दाट, म्हणून भकास मुळीच नाही, पण आत काय आहे ते दिसत नाही म्हणून भयाण.

आणि खोट्या दचक्याला ‘हूल’. पावलं वाजतात, खांद्यावर हात पडतो, आणि निघते मैत्रीणच. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री रस्त्यावर एकटी चाललेली बाई आहे, मागून श्वापद येतंय असं वाटतं, फिस्स आवाज होतो आणि समोर येऊन थांबते ती बस. निर्माता व्हॅल लूटन, म्हणून या क्लृप्तीला चित्रपटवाले आजही ‘लूटन बस’ म्हणतात. मराठीत ‘हूल दिली’ एवढं पुरे. ट्रेलरमध्ये हूल आधी येते, आपण सुस्कारा सोडतो, आणि खरा दचका लगेच मागून बसतो.

मूळ प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला. ‘अंगावर काटा आणणारं संगीत’ असं लिहावं का, हे मात्र अजून ठरत नाही.

प्रतिसाद १

नको. काटा येतो तो प्रेक्षकाला, आवाजाला नव्हे. काय वाजतंय ते लिहा: ‘व्हायोलिनचा कर्कश सूर, चढत जाणारा’, ‘पाळण्याची करकर’, ‘भेसूर अंगाई’. काटा यायचा तर त्यातूनच येईल. शांतताही लिहा, ‘सगळे आवाज थांबतात’ असं. ऐकू न येणाऱ्याला ती दुसऱ्या कशातून कळणार नाही, आणि ती कळली नाही तर धास्ती तयारच होत नाही.

प्रतिसाद ३

एक कामाची गोष्ट. ‘दार आपटतं’ हा मथळा दार आपटण्याच्या आधी अर्धा सेकंद जरी झळकला, तरी दचका गेला. तो दार आपटतं त्याच फ्रेमवर यायला हवा. आणि तिथे शब्द एकच, तोही आखूड ठेवा: ‘धाड!’