जागा राखीव, पण पाळणाघराचं काय?

महिलांना राखीव जागा दिल्या की कौशल्य प्रशिक्षण सर्वसमावेशक झालं, असं म्हटलं जातं; हे मत पटलं नाही. ग्रामीण तरुणांना नोकरीसाठी प्रशिक्षण देणाऱ्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत (२०१४) एक तृतीयांश जागा महिलांच्या, वयोमर्यादाही ३५ ऐवजी ४५. कागदावर छानच! पण वर्ग सुटायच्या आधीच शेवटची एसटी गेली आणि घरी दोन वर्षांचं लेकरू असलं, तर बाई येणार कशी?

अनुदानाचा प्रस्ताव लिहितानाच पाळणाघर, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांना स्वतंत्र रकाने द्या. 'इतर खर्चा'त कोंबलं की कात्री पहिली तिथेच लागते. आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला अनुदानाचा हप्ता फक्त नोकरी लागलेल्यांच्या आकड्यावर मिळणार असेल, तर ती शहराजवळची बारावी पास पोरंच उचलणार, हे उघड आहे. अपंग किंवा शाळा सुटलेल्या उमेदवारामागे अनुदानाचा दर जास्त ठेवा.