मदत हवी आहे : लिंकनच्या वकिलीचं सुरुवातीचं साल कोणतं धरायचं?

लिंकनच्या राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच्या इलिनॉयमधल्या कारकिर्दीची एका पानाची कालरेषा मराठीत करतोय. दोन जागी अडलोय.

पहिली, वकिली. तारखा तीन आहेत. २४ मार्च १८३६ ला सँगमन काउंटीच्या सर्किट कोर्टाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला नोंदवला, ९ सप्टेंबर १८३६ ला सनद मिळाली आणि १ मार्च १८३७ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत नाव चढलं. बहुतेक जण १८३७ लिहितात, पण ऑक्टोबर १८३६ मध्येच तो एका दिवाणी दाव्यात काम पाहत होता! म्हणून १८३७ मला पटत नाही.

दुसरी, इलिनॉयच्या विधिमंडळातल्या खालच्या सभागृहाच्या निवडणुका. १८३२ ला हरला. १८३४, १८३६, १८३८, १८४० ला जिंकला. मुदत दोनच वर्षांची, म्हणून चार वेळा. १८५४ ला पुन्हा निवडून आला, पण जागा घेतलीच नाही, कारण राज्याच्या विधिमंडळात राहून वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी उभं राहता येत नव्हतं. तक्त्यात ‘चार’ लिहिलं तर १८५४ गळतं, ‘पाच’ लिहिलं तर खोटं वाटतं.

या सभागृहासाठी ‘विधानसभा’ हा शब्द वापरून पाहिला, पण वाचणाऱ्याला आपली मुंबईची वाटते. ‘प्रतिनिधिगृह’ म्हटलं की वॉशिंग्टनचं, आणि तिथे तो १८४७ ते १८४९ होताच. तळटीपांना जागा नाही, रकान्यात जेमतेम चार-पाच शब्द मावतात.

तर सनद धरू की यादीतली नोंद? १८५४ कसं दाखवू? आणि राज्याच्या त्या खालच्या सभागृहाला सुटसुटीत मराठी शब्द कोणता?