रोज संध्याकाळी चढणारा ताप आणि स्टिल्स डिसीजचे निदान

प्रश्न (कोथरूड, पुणे):
माझ्या धाकट्या बहिणीला दीड महिन्यापासून रोज संध्याकाळी 39 अंशांच्या वर ताप चढतो. त्याच वेळी दंडांवर आणि पोटावर फिकट गुलाबी पुरळ उठते, पण सकाळपर्यंत दोन्ही मावळत असल्याने ओपीडीत डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया निगेटिव्ह आले. फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन, जे शरीरात दाह असतानाही रक्तात वाढते) मात्र 6,000 च्या पुढे आहे. आता 'अ‍ॅडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज'चा (प्रौढ वयात सुरू होणारा, शरीरभर दाह करणारा दुर्मीळ आजार) संशय आहे. एका रक्ततपासणीने हे निदान पक्के का होत नाही?

उत्तर 1:
कारण अशी खात्रीची तपासणीच नाही. या आजाराच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 1992 च्या यामागुची निकषांत ताप, सांधेदुखी, पुरळ, 10,000 वर गेलेल्या पांढऱ्या पेशी, घसादुखी, आरए फॅक्टर आणि एएनए (संधिवात व तत्सम आजारांत पाहिल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या) निगेटिव्ह असणे या बाबी एकत्र पाहिल्या जातात आणि जंतुसंसर्ग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) व इतर संधिवात वगळावे लागतात. आपल्याकडे त्यात क्षयरोग आधी पाहावा. फेरिटिन त्या निकषांत नाही, तरी एवढा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. पुरळ उठताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) त्याचा फार उपयोग होतो.

उत्तर 2:
मला हाच आजार आहे. स्टेरॉइडने ताप उतरला, पण चेहरा सुजला आणि साखर वाढली. पुढे मेथोट्रेक्सेट (रोगप्रतिकारशक्ती आवरणारे औषध) सुरू झाल्यावर स्टेरॉइडचा डोस कमी करता आला. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेणे घातक ठरते, म्हणून आमच्याकडे डबीवर ठळक अक्षरांत 'रविवार' लिहिले आहे.

उत्तर 3:
ताप कायम असताना प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या, तर मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोमची (रोगप्रतिकारशक्ती बेफाम होऊन जिवावर बेतू शकणारी गुंतागुंत) शक्यता असते. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.