मदत हवी आहे: आजारी आत्याबरोबर बायबलमधली कोणती स्तोत्रं वाचू?

सर्वांना सलाम. माझ्या आत्याला पार्किन्सन्स आहे. अनेक वर्षं तिने संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं. आता घरी प्रार्थनेला येणारे काही जण "विश्वास वाढवा, देव नक्की बरं करील" असं सांगून, चहा पिऊन जातात. (मनाने चांगली माणसं आहेत, पण राग येतो.) ते गेले की ती मला विचारते, "माझाच विश्वास कमी पडतोय का गं?"

मला हे पटत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने शरीरातला काटा (म्हणजे त्याचा सततचा त्रास) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. त्याला कुणी अल्पविश्वासी म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांधाविषयी 'पाप कोणाचं' असं शिष्य विचारतात, तेव्हा येशू तो हिशेबच नाकारतो. हे मी आत्याला सांगितलं. तिला सगळं पाठ आहे, तरी रात्री भीती येतेच.

सध्या आम्ही स्तोत्र 13 वाचतो. सहाच ओव्या, सुरुवात 'कुठवर?' या तक्रारीने आणि शेवट भरवशाने. स्तोत्र 88 मात्र अंधारातच संपतं. ते तिच्यासमोर वाचावं का? की ती आणखी खचेल?

दीर्घ आजारी माणसासोबत रोज प्रार्थना केलेल्यांनी कृपया सांगा. आणि पाहुण्यांना न दुखावता थांबवायचं कसं? पाळकसाहेबांनी बोलावं की घरच्यांनीच?